उभ्याने खाल्लेलं

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. पद्धत आहे म्हणून लिहिले. मनात सध्या दुसरंच काही आहे.

तुझ्या अंगठ्याची बातमी मला तुझ्या बायकोच्या पत्रातून कळली, तीही पडद्यांचं कापड आणि शेजाऱ्यांची मांजर आटोपल्यावर शेवटच्या चार ओळींत. भट्टीतून काढलेला ट्रे तुझ्या पायावर टेकला, सपाता फाटक्या होत्या, अंगठा भाजला, आणि संध्याकाळी मोजा काढेपर्यंत तुला पत्ताच नव्हता. वर तू म्हणे सगळ्यांना सांगत सुटलास की बेकरीवाल्याची कातडी अशी घट्टच असते. बाबाही बेकरीवालेच होते. त्यांना साधा चटका बसला तरी सगळी गल्ली जागी व्हायची. तुझी कातडी घट्ट नाही. तुझ्या पायातल्या नसा बधिर झाल्यात, आणि त्या साखरेने झाल्यात.

सर्जन काय म्हणाले तेही तिनेच कळवलं. रक्तातली साखर खाली आली नाही तर जखम भरणार नाही, आणि मे अखेरपर्यंत भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. त्यावर तू त्यांना सांगितलंस की माझ्याकडे आणखी नऊ बोटं आहेत. त्यांनी बोटाऐवजी तुझी जीभ काढायचं सुचवलं नाही, हा त्यांचा सज्जनपणा.

हसण्यावारी नेऊ नकोस. दिवसभर भट्टीपुढे उभं राहणारा माणूस तू. अंगठा गेला की तोल जातो, तोल गेला की बेकरी जाते. आणि तू घरी बसलास तर तुझी बायको आठवड्याभरात तुला माझ्याकडे पाठवून देईल. माझ्या दोन खोल्यांत तुला आणि तुझ्या बढायांना मिळून जागा नाही.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू नुसता हंहं करतोस आणि पीठ मळायचं यंत्र चालू ठेवतोस. पत्राला मधेच तोडता येत नाही. तेव्हा उलट टपाली लिही, दिवसभरात तोंडात काय काय जातं ते. लपवाछपवी नको. वजनांची बुडं पोखरून त्यात मेण भरणारे दुकानदार मी वजनमाप खात्याच्या नोकरीत ढिगाने पकडलेत.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. टपालवाल्यानेही पाकीट जरा लांबूनच दिलं, अक्षरावरूनच ओळखलं असेल.

आता माझं ऐक. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पाव, भात, बटाटा, साखर हे सगळं अंगात जाऊन साखरच होतं, तेव्हा ते कमी करा. मी कमी केलं नाही, बंदच केलं. समोरचा शिंपी तुला आठवत असेल, गेल्या खेपेला तुझ्या कोटाची बाही ज्याने आखूड केली तो. तो हल्ली लोणी, चीज, अंडी आणि मासे यांवर जगतो. धान्याचा कण नाही, फळसुद्धा नाही. त्याने मला दीक्षा दिली.

माझा दिवस असा. पहाटे भट्टी पेटवतो. पहिला घाणा निघाला की चव बघतो, मग टोस्ट, बिस्किटं, गोड बन एकामागून एक निघतात. गाड्या रवाना झाल्या की घरी येऊन बसतो आणि दोन अंडी खातो. दुपारी पालेभाजी, मासा किंवा चीज. रात्री कोंबडीचं सूप. ताटात भाताचं शीत नाही की पावाचा तुकडा नाही. बायको साक्षीला आहे. तिने तर टोस्टच्या डब्याला कुलूप घालायचंही मनात आणलं होतं, पण त्याची गरजच पडली नाही.

अख्ख्या गावाला पाव खाऊ घालणारा मी, आणि माझ्याच घरी पाव नाही. याचं तुला काही वाटत नाही, तुला मेणच दिसतं.

अंगठा काळानिळा आहे, पण दुखत नाही. लोभ असावा, अंगठ्यावरही.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. वि. वि.

दुखत नाही हे शुभवर्तमान म्हणून लिहू नकोस. दुखत नाही तीच तर तक्रार आहे.

तुझं पत्र वाचून मी वाचनालयात गेले आणि या विषयावरची पुस्तकं घेऊन बसले. या एका खाण्याचे इतके पंथ आहेत की आमच्या शाळेतल्या सिस्टरांना कळलं असतं तर त्यांनी सगळ्यांना एका रांगेत उभं करून पट्टी मारली असती. शिंप्याचा पंथ सगळ्यात कर्मठ. धान्य, साखर, फळ सगळं बंद केलं की शरीराला जाळायला साखर मिळत नाही, मग ते चरबी जाळायला घेतं. ती जळताना एक द्रव्य तयार होतं आणि ते श्वासातून बाहेर पडतं. नखांचं पॉलिश पुसायच्या बाटलीसारखा वास येतो. गळ्याचं माप घेताना त्याची गिऱ्हाइकं तोंड फिरवतात का, ते एकदा बघ.

दुसरा पंथ आधी सगळं बंद करतो आणि मग शरीराचा कल बघत एकेक पदार्थ परत आणतो. तिसरा अगदीच मवाळ. ताटातला भात-पाव निम्म्यावर आणायचा आणि त्या जागी भाजी, शेंगा, अंडी वाढायची. कर्मठांचं वजन सुरुवातीला भराभर उतरतं आणि ते मिरवत फिरतात. त्यातलं बरंचसं नुसतं पाणी असतं. अंगात साखरेचा जो साठा असतो तो आपल्यासोबत पाणी धरून ठेवतो, साठा संपला की पाणीही निघून जातं. पाण्याबरोबर मीठ जातं, म्हणून पहिले काही दिवस डोकं ठणकतं, पाय वळतात आणि माणूस घरातल्यांवर खेकसतो. वर्षभराने बघितलं तर सगळे पंथ बहुधा शेजारीशेजारीच येऊन बसलेले असतात. ज्याला जो निभावतो, त्याचा तो खरा. आणि एकाच ताटाने दोघांचं सारखं होईल असंही नाही. कोणाची साखर झपकन उतरते, कोणाच्या रक्तातली चरबी वर चढते.

मीसुद्धा मवाळ पंथ सुरू केला आहे. तुला सोबत म्हणून नाही. निवृत्त झाल्यापासून माझे सगळे स्कर्ट मला सोडून चाललेत म्हणून. माझ्याकडे अजून ऑफिसचा जुना काटा आहे. ताटातलं सगळं त्यावर मोजून मगच खाते.

एक गोष्ट मात्र चेष्टेची नाही. तुझी ती मधुमेहाची गोळी स्वादुपिंडाला चाबूक मारते. तू जेवलास की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. खाणं कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर नको इतकी उतरते आणि माणूस कोसळतो. शिंप्याला मधुमेह नाही, गोळी नाही, त्याचं काही अडत नाही. तुझं अडेल. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांग की मी हे बंद केलं, ते बंद केलं, आता गोळीचं काय ते बघा. आजच जा.

लोभ आहे, पण मोजूनच देते.

ताई


९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस म्हणून गेलो. सगळं सांगितलं. बाईंनी आनंदाने रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा पडला. साखर एका आकड्यानेही हलली नव्हती. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं की काय खाता. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. बायकोलाही विचारलं, तिनेही तेच सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या की काहींचा मधुमेह हट्टी असतो, आणि गोळी कमी करायच्या ऐवजी वाढवून दिली.

हट्टी म्हणे. आपल्या घराण्यात हट्टी एकच आहे, आणि तिच्या रक्तात साखर अजिबात नाही.

शिंपी मात्र निम्मा झाला. रोज स्वतःच्याच विजारी आत घेत बसतो. वासाचं तू लिहिलंस ते खरं आहे, गिऱ्हाइकं मान वळवतात आणि त्यामुळे मापं चुकतात. परवा एकाची कॉलर इतकी सैल झाली की त्यात दोन माना बसतील. पण त्याचं वजन उतरतंय. माझं का नाही? मीही तेच खातो. रात्री आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसून चीज खातो, तो हलका होत जातो आणि मी नुसताच बसून राहतो.

कामाचं म्हणशील तर जोरात आहे. नव्या गोड बनचं प्रमाण बसवतोय. आठवडाभर रोज सकाळी तेवढंच चाललंय, साखर जास्त होते की लोणी कमी पडतं, चव घेऊन घेऊन जिभेला फोड आले.

जखम होती तशीच आहे. सर्जनकडच्या नर्सबाई पट्टी बदलताना काही बोलत नाहीत. मला बोलणारी माणसं परवडतात. न बोलणारी बाई बघितली की छातीत धडधडतं. हे बायकोला कळवू नकोस.

आशीर्वाद असू द्यावा.

धाकटा


१५ मार्च

चि. धाकट्यास,

अ. आ. वि. वि.

तू चोरून खातोस.

दुसरा अर्थच निघत नाही. मी आयुष्यभर तराजू बघितले. एका पारड्यात कमी घातलं आणि काटा जागचा हलला नाही, तर माणसाने कुठेतरी बोट लावलेलं असतं. तुझ्या बायकोला खिसे तपासायला सांगितलं आहे. आणि गोळी वाढवून देणाऱ्या त्या बाईंचं मला नवल वाटतं. रोग हट्टी आहे म्हणून मोकळ्या झाल्या. काटा चुकतोय म्हणून मी वजनंच वाढवली असती तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

माझंही फारसं बरं नाही. पहिल्या आठवड्यात वजन उतरलं, मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले, आणि मग सगळं थांबलं. डोकं दुखतं. पोट साफ होत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सहज विचारलं की हल्ली घरीच असता का, तर मी त्यांना असं काही बोलले की आता त्या जिन्यावरून उतरण्याआधी वाकून बघतात. तरी मी कण न् कण मोजून खाते. सिस्टर सांगायच्या की टेबलापाशी बसा, पाठ ताठ ठेवा, आणि पुढ्यात वाढलेलं तेवढंच आपलं समजा. मी अजून तशीच बसते.

खरं लिही. रागावणार नाही. रागावलेलीच आहे.

ताई


२ एप्रिल

ती. वन्सं,

शि. सा. न. वि. वि.

तुमचे भाऊ पत्र लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते आहे. खिसे तपासल्याचं त्यांना कळलं. खिशात रुमाल, किल्ली आणि बटणं निघाली. ते म्हणाले की बहिणीने चोर ठरवलं, बायकोने झडती घेतली, आता शिंप्याने तेवढी बेडी शिवायची राहिली आहे. तेव्हापासून तुमचं नाव काढत नाहीत.

पण लिहायचं कारण ते नाही. गेल्या आठवड्यात भट्टीचं छत तडकलं. विटा बदलायला गवंडी आला आणि बेकरी बंद ठेवावी लागली. हे घरीच होते. मी मनात म्हटलं, बरं झालं, पायाला विश्रांती मिळेल. जेवण नेहमीसारखंच, अंडी, मासा, भाजी. गोळीही वेळेवर. तिसऱ्या दिवशी दुपारी हे गवंड्याला भलतंसलतं बोलायला लागले. म्हणाले की तू विटा कच्च्या भाजल्यास, परत भट्टीत घाल. मला वाटलं नेहमीची थट्टा. मग बघते तर सदरा घामाने चिंब, हात थरथरतायत, आणि उभे होते तिथेच पिठाच्या पोत्यावर कलंडले.

तुमचं पत्र मी वाचलेलं होतं. साखरेचं पाणी करून तोंडाला लावलं. गिळता येत होतं, हे नशीब. थोड्या वेळाने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं की गवंडी पळाला का. आता उठून हिंडतात.

पण तेव्हापासून सगळंच बिनसलं आहे. हे म्हणतात की या उपासानेच मी मेलो असतो, साखर उतरली नाही ती नाही आणि वर पडलो. डॉक्टरीणबाईंकडे यायला तयार नाहीत. समोर टोस्टचा डबा घेऊन बसतात. अंगठ्याचं विचारलं तर म्हणतात, नेऊ दे सर्जनला, मांडून ठेवील काचेत. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा मात्र मोजा काढून एकटेच त्याच्याकडे बघत बसले होते. मला बघताच मोजा चढवला.

वन्सं, मी त्यांच्या ताटाची शपथ घेऊन सांगते, त्यांनी चोरून खाल्लेलं नाही. मग हे काय झालं? मला काही सुचत नाही.

तुमची,
भावजय


६ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,

अनेक आशीर्वाद, आणि हे मनापासून. तू साखरेचं पाणी पाजलंस, मी असते तर आधी भाषण केलं असतं.

तुझं पत्र सकाळी आलं. मी ते स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून वाचलं. भट्टी बंद होती आणि तो पडला, इथे मी थांबले. ताट तेच, गोळी तीच, मग बदललं काय? नुसती भट्टी. भट्टी विझल्याने माणसाची साखर कशी उतरेल, असा विचार करत मी मान खाली घातली, आणि माझ्या हातात पाव होता.

अर्धा खाऊन झाला होता. बाई गं, मी तो कधी कापला, त्याला लोणी कधी लावलं, मला काही आठवत नाही. काटा तिकडे टेबलावर मांडलेला, शेजारी मोजून ठेवलेली काकडी, आणि मी इकडे उभ्याने पाव खातेय. रोज खात असणार. म्हणून वजन थांबलं. आणि मी खोटं बोलत नव्हते. मी खाल्लंच नव्हतं.

तू आमच्या घरात मोठी झालेली नाहीस, म्हणून सांगते. बाबांचा नियम होता की कामावर कोणी खायचं नाही. खाणं म्हणजे हात धुऊन, बसून, ताटात. पण प्रत्येक घाण्यातला पाव मोडून चाखायचा, तो उभ्याने. ते खाणं नव्हे, ते काम. न चाखणाऱ्याला बाबा आळशी म्हणायचे. आम्ही दोघं त्या भट्टीपाशी उभे राहून वाढलो. सिस्टर आमचाच पाव घ्यायच्या, म्हणून मला त्यांच्या शाळेत घातलं, आणि तिथे पुन्हा तेच शिकले, बसून खाल्लं ते जेवण. उभ्याने तोंडात गेलेलं मोजायचं असतं हे आमच्या दोघांच्याही डोक्यात कधी शिरलंच नाही. तुझ्या नवऱ्याने मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की घाणा निघाला की चव बघतो. मी वाचलं आणि पुढे गेले. मला तेही काम वाटलं.

आता जुळव. तो पहाटेपासून पाव, टोस्ट, बिस्किटं, बन चाखत होता आणि मग घरी येऊन साधूसारखं जेवत होता. साखर हलणार कशी? बाईंनी त्या चाखण्यावर गोळी वाढवली. मग भट्टी बंद पडली, चाखणं थांबलं, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा खरंच कमी खायला लागला. वाढवलेली गोळी तेवढीच राहिली. म्हणून पडला. म्हणजे हे खाणं त्याच्या शरीराला लागू पडतं, वहिनी. जरा जास्तच लागू पडलं.

आता दोन कामं कर. पहिलं आजच. त्याला डॉक्टरीणबाईंकडे ने, येत नसेल तर शिंप्याला एक बाजू धरायला सांग. त्यांना हे सगळं असंच सांग. गोळी किती कमी करायची ते त्या ठरवतील. तू नाही, मी नाही, आणि तो तर नाहीच. दुसरं काम भट्टी पेटल्यावर. तो सकाळी जेवढा तुकडा तोंडात घालेल तेवढाच तुकडा त्याच्यासमोर एका ताटात टाकत जा. बोलू नकोस. शेवटी ताट त्याच्या पुढ्यात ठेव.

त्याला सांग, मी चोर म्हणाले ते परत घेते. मूर्ख मनात म्हणाले होते ते तसंच राहू दे.

तुझी,
वन्सं


२४ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

अबोला सोडतो आहे, कारण ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला शिव्याही देता येत नाहीत.

भट्टी पेटली त्या सकाळी बायको ताट घेऊन माझ्यामागे उभी राहिली. मी बनचा कोपरा तोंडात टाकला, तिने ताटात टाकला. मी बिस्किट अर्धं मोडलं, तिनेही मोडलं. मला वाटलं, बाई वेडी झाली. गाड्या रवाना झाल्यावर तिने ताट समोर ठेवलं. ताई, ते माझं ताट आहे असं मला आधी पटेचना. शिंपी दारात उभा होता, त्याने विचारलं की पाहुणे कोण यायचे आहेत. तुकडे जुळवले तर दीड मोठा पाव भरला असता, आणि बिस्किटं वेगळीच. मी खाली बसलो. एवढं मी बसून खाल्लं असतं तर बाबांनी घरातून हाकललं असतं.

डॉक्टरीणबाईंकडे आधीच जाऊन आलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग पेन खाली ठेवून म्हणाल्या की तुमचा धंदा काय, हे मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. गोळी बरीच उतरवली. शिंप्याचा पंथ मला नको म्हणाल्या. मवाळ सांगितला, तुझा. भाजी, शेंगा, अंडी, मासे, आणि बसून, ताटात, एक पातळ काप पाव. रोज बोट टोचून साखर बघायची. पहिल्या दिवसापासून ती उतरतेय, जिना उतरावा तशी, एकेक पायरी. चक्कर नाही.

चाखायचं काम बायकोला दिलं. माझं नाक आणि हात पुरतील म्हणालो, पण पुरत नाहीत. घाणा निघतो आणि माझा हात आपोआप तोंडाकडे जातो. मग ती नुसती बघते. भट्टीपुढे उभं राहून न चाखणं हे त्या अंगठ्यापेक्षा जड आहे, हे तुला म्हणून सांगतो.

तुझं वजन हललं का? उभ्याने उत्तर लिहू नकोस.

धाकटा


१ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

काल सर्जनकडे गेलो होतो. पट्टी सोडताना बायको खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी छताकडे. नर्सबाई पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या की बघायला हरकत नाही. खाली नवी गुलाबी कातडी आली आहे, कडेला थोडी खपली उरली आहे. सर्जननी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले की अंगठा राहतोय. बधिरपणा जाईल असं मात्र त्यांनी कबूल केलं नाही. रोज रात्री दोन्ही तळवे नीट बघायचे, अनवाणी कधीच चालायचं नाही, आणि साखर अशीच ठेवायची. मी त्यांना विनोद सांगायला गेलो आणि तो अर्धाच टाकून मोजा चढवायला लागलो. बायकोने माझ्या वतीने आभार मानले.

इथवर आनंदाचं. आता दुसरं.

बायको चाखते हे तुला लिहिलंच होतं. पहिल्या सकाळी तिने पावाचा तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, आणि म्हणाली की मीठ कमी आहे. मी म्हटलं, हे बाबांचं प्रमाण आहे. ती म्हणाली, असेल, पण कमी आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून कमीच आहे. मी विचारलं की मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. तर म्हणे, मला विचारलं कोणी? पैज म्हणून मी मीठ वाढवलं. त्या दिवशी दुपारच्या आतच पाव संपला. दुसऱ्या दिवशीही संपला. आता गाडीवाले जास्त मागतात. शिंप्याने सहा महिन्यांनी पहिल्यांदा पंथ मोडला, माझ्या दुकानात उभा राहून कोरा पाव खाल्ला, आणि डोळे मिटून म्हणाला की आत्ता कुठे लागतोय.

आत्ता कुठे.

ताई, मी तुला सरळ विचारतो. तू त्या घरात वाढलीस, आयुष्यभर माझा पाव खाल्लास. तुलाही माहीत होतं का?

उत्तराची वाट बघतो.

धाकटा


७ जून

चि. धाकट्यास,

अ. आ. या वेळी दोन्ही अक्षरं खरी.

तुझं पत्र मी बसून वाचलं. मग उठून परत वाचलं. मग वरच्या मजल्यावर जाऊन त्या बाईंना सांगितलं की माझ्या भावाचा अंगठा राहिला. त्यांना तुझा अंगठा जायच्या बेतात होता हेही ठाऊक नव्हतं, तरी बिचाऱ्यांनी मला आत बोलावून कॉफी दिली. बिनसाखरेची मागितली, तर म्हणाल्या की आता कळलं तुम्ही इतके दिवस कशाने चिडला होतात. मी ऐकून घेतलं. माझा राग त्या काकडीमुळे नव्हता आणि तुझ्या सर्जनमुळेही नव्हता. सगळा तुझ्यामुळे होता, पण ते त्यांना कशाला सांगू?

माझं वजन थोडं हललं आहे. स्कर्टाचं एक बटण लागतं, दुसरं अजून विचार करतंय. वाचनालयातल्या कर्मठ पंथाच्या बाईंनी मला मवाळ म्हणून हिणवलं आणि मग आपल्या वाढलेल्या चरबीचा कागद दाखवला. मी त्यांना सांगितलं की मला एका अंगठ्यापुरतं कळतं, पुढचं डॉक्टरांना विचारा.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी नोकरीत वजन तपासत होते, मीठ नाही. माझ्या अधिकारात नसलेल्या गोष्टीवर मी कधी शेरा मारला नाही आणि निवृत्त झाल्यावर मारणार नाही. तू त्यातून काय समजायचं ते समज. मात्र बायकोला काय वाटतं ते पुढच्या वेळी लगेच विचार, तीस वर्षं थांबू नकोस. आणि ती चाखते तेव्हा शेजारी एखादी खुर्ची ठेवत जा. तिलाही बसून खाऊ दे, म्हणजे मोजता येईल.

पुढच्या रविवारी मी येते आहे. पाहुणचार नको, एक पातळ काप पुरे, नव्या मिठाचा. मालाची खात्री मी विकणाऱ्याच्या शब्दावर कधी केली नाही, तुझ्या शब्दावर तर करणारच नाही. दार उघडायला चप्पल घालून ये. मग खिडकीपाशी उजेडात बस, दोन्ही मोजे काढ, आणि दहाच्या दहा मला दाखव.

येते. तोवर लोभ तुझ्याकडे ठेव, आल्यावर मोजून घेईन.

ताई